गावात कारखाना हवाय? आधी एप्रिलमधल्या रोकडीचं बघा

कुडाळ तालुक्यातल्या एका गावच्या तरुण सरपंच ताईंचा प्रश्न आहे. गावात नऊ वाड्या, तीनशेच्या आसपास घरं. पोरं मुंबईला, नाहीतर गोव्याला. ‘गावात उद्योग असा काहीच नाही. एमआयडीसी आमच्या बाजूला सरकेल असं लहानपणापासून ऐकतेय. आता निधीतून एक शेड मिळण्यासारखी आहे आणि महिला गटाच्या नावावर ३५ टक्के अनुदानात काजूची मशिनरी बसते. घ्यावी का? की त्यापेक्षा पर्यटनाकडे वळावं?’

ताई, मशिनरी घ्या की नको, हे शेवटी सांगतो. त्याआधी तुमचं ते ‘उद्योग काहीच नाही’ हे वाक्य जरा सोडवून बघू. मी नऊ वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांत कर्जाचे कागद तपासले आणि मग २००१ पासून स्वतःचा काजू कारखाना चालवला. दोन्ही बाजूंनी टेबल बघितलेला माणूस म्हणून सांगतो, तुमच्या गावात उद्योग आहे. तो मार्चच्या शेवटाला सुरू होतो आणि मिरगाच्या आधी संपतो. फक्त त्याचा गल्ला गावात नाही.

हिशेब मांडा. तीनशे घरं. कोणाकडे पाच क्विंटल काजू बी, कोणाकडे परसातली चार झाडं. घरटी सरासरी दोन क्विंटल धरली तर ६०० क्विंटल, म्हणजे ६० टन. भाव दरसाल वरखाली होतो, हिशेबापुरता किलोला १३० रुपये धरू. ७८ लाख रुपये झाले. एवढा माल दोन-अडीच महिन्यांत तुमच्या गावातून गोणीत भरून जातो. चार किलो बी फोडली की साधारण एक किलो गर निघतो. अख्खा, पाकळी, तुकडा असा सगळा मिळून सरासरी ७०० रुपये भाव धरला, तर एका किलो बीमागे १७५ रुपये येतात. १३० ची बी, १७५ चा गर. मधले ४५ रुपये म्हणजे मजुरी, वीज, व्याज, वाहतूक आणि नफा. ६० टनांवर ते २७ लाख होतात. हे २७ लाख दुसऱ्या कुठल्यातरी गावातल्या बायकांची मजुरी आणि दुसऱ्या कुठल्यातरी माणसाचा नफा म्हणून खर्च होतात. तुमचं गाव बी पिकवून मोकळं होतं.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या घरात पडतो आणि मे महिन्यात वाडीवर टँकर येतो. पैशाचंही तेच आहे. एप्रिल-मेमध्ये आंबा-काजूचा लोंढा येतो आणि थेट समुद्राला जाऊन मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर मशीन घ्यायचं. थांबा. माझा पहिला सीझन ऐका.

कर्ज मंजूर झालं. बॉयलर आला, वाफवायचा कुकर आला, आठ कटर, एक ड्रायर. शेडवर पत्रे चढले. उद्घाटनाला मान्यवर आले, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. चौदा बायका कामावर आल्या. कॅश क्रेडिट, म्हणजे माल घ्यायला बँकेचं खेळतं कर्ज, मिळालं होतं, पण बेताचं. मी एप्रिलमध्ये होती तेवढी रोकड घालून बी घेतली. जूनमध्ये पाऊस लागला, काम रंगात आलं, बायकांचा हात बसला. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेवटची गोण फोडली. बाजारात बी होती, पण ती आता व्यापाऱ्याच्या गोदामात होती आणि त्याचा भाव गर विकूनही परवडणारा नव्हता. कारखाना बंद. मशिनांवर ताडपत्री. पुढच्या मार्चला पुन्हा हाक मारली तेव्हा चौदातल्या पाचजणी आल्याच नाहीत. त्या रोज सकाळच्या गाडीने गोव्यात कामाला जात होत्या. मी त्यांना शिकवलं आणि दुसऱ्याला दिलं.

चूक मशीनमध्ये नव्हती. बँकेत असताना मीच अशा प्रकल्प अहवालांवर सह्या केल्या होत्या. त्यात यंत्रसामग्रीची पान-दोन पानं कोटेशनसकट असायची आणि खेळत्या भांडवलाची एक ओळ: ‘दोन महिन्यांचा कच्चा माल’. काजूला हे सूत्र लागूच होत नाही. कच्चा माल बाराही महिने थोडा थोडा मिळत असेल तर दोन महिन्यांचा साठा पुरतो. काजू बी वर्षातून एकदाच येते आणि वर्षभराची तेव्हाच घ्यावी लागते.

तुमच्या प्रस्तावातल्या मशीनवर हेच आकडे टाकून बघू. रोज २०० किलो बी फोडणारं युनिट, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ५० टन. १३० च्या भावाने बी झाली ६५ लाखांची. मशिनरी धरा १५ लाख. अनुदान मिळणार ते या १५ लाखांवर, ३५ टक्क्यांनी सव्वापाच लाख. आणि ६५ लाखांवर? शून्य. बँक नवीन गटाला खूश होऊन १० लाखांची कर्जमर्यादा देईल. त्यात साडेसात टनांच्या थोडी वर बी येते. रोज २०० किलोने ती अडतीस दिवसांत संपते. अडतीस दिवस कारखाना आणि तीनशे सत्तावीस दिवस शेड.

जिल्ह्यात फिरताना अशा शेड्स मी मोजायचो, मग सोडून दिलं. एका शेडमध्ये भात झोडतात. एकीत मंडळाचा गणपती रंगवतात. ते वाईट नाही, पण कागदावर तो काजू प्रक्रिया उद्योग आहे.

यात जीएसटीची एक मेख आहे, ती सल्लागार सांगत नाहीत. नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून न फोडलेली काजू बी घेतली, की त्यावरचा ५ टक्के कर शेतकरी नाही, खरेदीदार भरतो. याला उलट आकारणी म्हणतात. हा कर रोखीने भरायचा, नंतर गर विकताना त्याची वजावट मिळते. ६५ लाखांच्या खरेदीवर सव्वातीन लाख. वजावट मिळते हे खरं, पण गर विकला जाईल तसतशी मिळते. एप्रिल-मेमध्ये जेव्हा एकेक रुपया मोलाचा असतो तेव्हाच हे पैसे अडकतात.

घाटावरचे पाहुणे आले की विचारतात, तुमच्या कोकणात सहकार का नाही रुजला? माणसं भांडखोर, सातबारावर पन्नास नावं, जो तो शहाणा, अशी उत्तरं आपणच हसत हसत देतो. त्यात तथ्य आहे, पण मुळातलं कारण पिकातच आहे. ऊस तोडला की दुसऱ्या दिवसापासून वजन आणि साखर दोन्ही उतरतात. तो घरात ठेवता येत नाही, मुंबईला पाठवता येत नाही. शेतकऱ्याला कारखाना लागतो आणि कारखान्याला शेतकरी. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची माणसं जोडायची ताकद होती, पण उसाची ही गरजही होती. दुधाचं तसंच, सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत थांबत नाही. काजू बी मात्र नीट वाळवली की वर्षभर राहते. कुणालाही, कधीही, कुठेही विकता येते. म्हणून शेतकऱ्याला संस्थेची निकड वाटत नाही, आणि म्हणूनच एप्रिलमध्ये ज्याच्या खिशात रोकड तो या धंद्याचा मालक होतो. टिकाऊपणा हा या मालाचा गुण आहे, पण त्याचा फायदा थांबू शकणाऱ्याला मिळतो. शेतकरी थांबू शकत नाही. मे महिन्यात त्याच्या घरी लग्न असतं, जूनमध्ये शाळा आणि खत.

त्यामुळे तुमच्या गावापुरता माझा सल्ला असा आहे की पहिली दोन वर्षं मशीनला हातच लावू नका. वाळवण, वजन आणि रोकड या तीन गोष्टी गावात आणा.

वाळवणीपासून सांगतो, कारण तिथेच पहिला पैसा गळतो. झाडाखाली वेचलेली बी ओली असते. शेतकरी सकाळी वेचतो, दुपारी विकतो. घेणारा डोळ्याने बघतो आणि ‘घट’ धरतो, कधी पाच टक्के, कधी दहा. भांडायला काही आधार नसतो. तीच बी दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरली, मध्ये मध्ये हात फिरवला, की ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर येतो. जुन्या बायकांची परीक्षा मला अजून यंत्रापेक्षा भरवशाची वाटते. बीवर अंगठ्याचं नख दाबायचं, खूण उमटली तर ओली. मूठभर बी कानाशी हलवायची, आत गर खुळखुळला तर वाळली. अशी बी विकणारा भाव सांगू शकतो. पण तिनशेतल्या किती घरांना दोन-तीन दिवस उन्हाचं आणि गुरं-पोरांपासून राखलेलं सपाट खळं आहे? ग्रामपंचायतीने प्रत्येक दोन-तीन वाड्यांमागे एक सिमेंटचं खळं आणि त्याला लागून पावसाच्या सरीला माल ओढून घेता येईल एवढी छपरी केली, तरी बरंच झालं. एप्रिलअखेरचा वळीव किती गोणी काळ्या करतो हे मी सांगायला नको. हेच खळं मेमध्ये आमसुलाला लागतं, दिवाळीत भाताला. उद्घाटनाला मंत्री येणार नाहीत एवढाच तोटा.

वजनाचं सोपं आहे. पंचायतीच्या आवारात एक प्रमाणित इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक ओलावा मोजायचं यंत्र. कुणीही यावं, मोजून चिठ्ठी न्यावी आणि पाहिजे त्याला विकावं. पंचायतीने खरेदीत पडू नये. तुम्हाला धंदा करायचा नाहीये, भाव उघडा करायचा आहे. काट्याशेजारी फळा लावा आणि त्या दिवशी सावंतवाडी, कुडाळ, बांदा इथे काय भाव निघाला तो खडूने लिहा. पहिल्या आठवड्यात कोणी बघणार नाही. तिसऱ्या आठवड्यात भाव लिहायला उशीर झाला तर फोन येतील.

दाण्याचा आकारही त्याच काट्यावर मोजायला लावा. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे, तिथल्या जाती आपल्या बागांत आहेत. वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे किलोत शंभर. वेंगुर्ला-४ च्या एकशेतीसच्या आसपास बसतात. गावठी बारीक बी किलोत दोनशेच्या पुढे जाते. गर विकताना डब्ल्यू १८०, २४०, ३२० असे नंबर असतात. एका पौंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅमला जराशा वर, किती गर बसतात तो हा आकडा. जेवढा आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. गरात भावाचा एवढा फरक, आणि बी मात्र गावात सरसकट एका भावाने जाते. मोठ्या बीवाल्याने वेगळा भाव मागायला सुरुवात केली की पुढची लागवड आपोआप बदलते. १९९० च्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लागलेली बरीच झाडं आता म्हातारी झालीत, त्यांची छाटणी किंवा बदली हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

राहिली रोकड. इथे मला तीन वाटा दिसतात, आणि तिसरी मला सगळ्यात आवडते.

पहिली, कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. १९९० पासून आहे. शेतकऱ्याने वाळवलेला माल बाजार समितीच्या ताब्यातल्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी घ्यायची. काजू बी यादीत आहे. सोयाबीनवाल्यांनी ही योजना चांगली वापरली. आपल्याकडे अडचण अशी की पन्नास किलोवाला शेतकरी रिक्षा करून गोदामापर्यंत जात नाही. दहाजणांचा माल एकत्र नेला तर जमतं. म्हणून पुन्हा तेच, आधी खळं आणि काटा.

दुसरी, बचत गट. गटाला १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे आणि तो बँकेत ठासून सांगावा लागतो. गावात जुने, नीट हप्ते फेडलेले पाच गट असतील तर एप्रिलसाठी बऱ्यापैकी रक्कम उभी राहते. मात्र बँकेशी फेब्रुवारीत बोला. एप्रिलच्या दहा तारखेला मंजुरीचं पत्र आलं तर बरीच बी गेलेली असते, आणि मार्च म्हणजे बँकवाल्यांसाठी वर्षअखेर. तेव्हा तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. मी त्या खुर्चीत बसलोय.

तिसरी वाट म्हणजे तुमचे चाकरमानी. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं. गणपतीला आलेली माणसं जाताना दोन किलो, पाच किलो काजू नेतात. शेजाऱ्यांना, साहेबांना, सुनेच्या माहेरी. तेव्हा ते हायवेवरच्या दुकानातून घेतात. त्यांना एप्रिलमध्ये विचारा: गणपती आणि दिवाळीचा काजू आत्ताच नोंदवणार का? घरटी पाच हजार. शंभर घरांनी दिले तरी पाच लाख होतात आणि त्यात पावणेचार टनांच्या वर बी येते, बिनव्याजी. गिऱ्हाईक आधी, माल नंतर. आम्ही २००६ मध्ये चाळीस घरांपासून हे सुरू केलं आणि त्यानंतर कारखाना जुलैत कधी बंद पडला नाही.

पण यात नियम कडक ठेवा. पैसे गटाच्या किंवा उत्पादक कंपनीच्या स्वतंत्र खात्यात घ्यायचे, सरपंचांच्या किंवा त्यांच्या नवऱ्याच्या नावावर एक रुपया नाही. पावती द्यायची, त्यावर ग्रेड आणि महिना लिहायचा. कंपनी असेल तर लक्षात ठेवा, मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाने फिटली नाही तर कायद्याने ती ठेव ठरते आणि मग वेगळंच शुक्लकाष्ठ मागे लागतं. आणि एका वर्षी जरी पाकळी मिसळून अख्ख्याच्या भावाने दिलीत, तरी मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते विसर्जनाच्या आधी पोचलेलं असेल.

मग बी घेऊन करायचं काय, मशीन नसताना? पहिल्या वर्षी जवळच्या चालू कारखान्यातून मजुरीवर फोडून घ्या. जिल्ह्यात अर्ध्या क्षमतेने चालणारे कारखाने भरपूर आहेत, त्यांना काम हवंच आहे. तुमची बी, त्यांचं मशीन, किलोमागे ठरलेली मजुरी, टरफल त्यांचं की तुमचं ते आधी ठरवून. टरफलातून तेल निघतं, त्याला वेगळा भाव आहे, म्हणून सांगतोय. सोलाई, म्हणजे गरावरची पातळ साल काढणं, आणि ग्रेडिंग मात्र गावात आणा. त्याला मशीन लागत नाही, टेबल, उजेड आणि स्वच्छ हात लागतात. कटिंगमध्ये टरफलाचं तेल हाताची साल काढतं, सोलाईत तो त्रास नाही. बायका दहा ते पाच काम करून गुरांच्या वेळेला घरी जातात. दोन वर्षं असा पंधरा-वीस टन बीचा खेळ खेळलात, कोणती बाई टिकते, कोण हिशेब ठेवते, कुठला व्यापारी पैसे थकवतो हे कळलं, की मशीन घ्या. तेव्हाही शेड असेलच, योजनाही कुठल्या ना कुठल्या नावाने असेलच. विनातारण कर्जासाठी सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या सरकारी हमी निधीची हमी आहे, गोदाम आणि खळ्यासाठी २०२० पासून कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला तीन टक्के व्याजसवलत आहे. जागेचा प्रश्न त्याआधी मिटवा. सातबारावर सगळे काका आणि मुंबईचे आतेभाऊ असतील तर बँकेच्या वकिलाकडे फाईल अडकून बसेल. सामायिक जमिनीपेक्षा पंचायतीची किंवा देवस्थानाची नसलेली, एकाच्या नावावरची जागा भाड्याने, नोंदणीकृत कराराने घ्या.

पाऊचच्या मोहात पडू नका हेही आत्ताच सांगून ठेवतो. गटाचं नाव, मागे समुद्र, कोपऱ्यात देवीचा फोटो अशी छापील पाकिटं किमान पाच हजार घ्यावी लागतात, आणि त्यावर एक अक्षर चुकलं की सगळी कपाटात. पहिली दोन वर्षं दहा किलोच्या डब्यातून कोल्हापूर-पुण्याच्या सुकामेव्याच्या व्यापाऱ्याला आणि साध्या पिशवीवर स्टिकर लावून चाकरमान्यांना. व्यापाऱ्याला पहिल्याच खेपेला उधारी देऊ नका. माझे एकदा चाळीस डबे एका पेढीवर गेले आणि पैसे यायला चौदा महिने लागले. मालाबद्दल तक्रार नव्हती, फक्त ‘पुढच्या आठवड्यात बघू’. त्या चौदा महिन्यांत एक एप्रिल येऊन गेला, तो मला सगळ्यात महाग पडला.

आयातीचंही भान असू द्या. आपल्या देशातले कारखाने आफ्रिकेतली बी मोठ्या प्रमाणात आणतात, आयवरी कोस्ट, टांझानिया, घाना, बेनिन. २०१८ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं आयातशुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तिकडे पीक भरपूर आलं की आपल्या बांद्यापर्यंत भाव हलतो. तुम्ही-मी त्यावर काही करू शकत नाही. पण चवीचा फरक आहे आणि तो घेणाऱ्याला कळतो. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, कोकमालाही आहे. मानांकनाने आपोआप भाव मिळत नाही. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने फळावर खुणेचा स्टिकर लावून ‘हा आंबा आमचाच’ हे गिऱ्हाइकाला तपासता येईल अशी सोय केली, तेव्हा त्या मानांकनाला दात आले. तुमच्या चाकरमान्यांना तर तपासायचीही गरज नाही, त्यांना झाड माहीत आहे.

काजूच्या बोंडांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. बीच्या सहा-आठ पट वजनाचं फळ आपण झाडाखाली कुजवतो. पलीकडे गोव्यात त्याच फळाचा उराक आणि फेणी होते, फेणीला २००९ मध्ये मानांकनही मिळालं. आपल्याकडे सरबत, सिरप असे प्रयोग होतात. बोंड तोडल्यापासून काही तासांत आंबायला लागतं, म्हणजे हा उसासारखा माल आहे. सहकार करायचाच असेल तर खरं म्हणजे इथे करायला हवा. पण तुमच्या पहिल्या तीन वर्षांत नको.

एमआयडीसी आणि पर्यटन यांचं थोडक्यात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २००१ च्या जनगणनेत आपण ८,६८,८२५ होतो, २०११ मध्ये ८,४९,६५१ झालो. घोषणा, रेल्वे, किनाऱ्यावरची गर्दी हे सगळं होऊनही माणसं कमी झाली, कारण पैसा मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात उतरतो आणि तिथूनच परत जातो. तुमचं गाव समुद्रापासून आत आहे. कर्ज काढून खोल्या बांधू नका. त्यापेक्षा मालवणच्या एखाद्या खानावळीच्या मागच्या दारी सकाळी सात वाजता उभ्या राहा आणि काय काय उतरतं ते बघा. भाजी बेळगाव-कोल्हापूरची. अंडी आणि कोंबडी घाटावरची. त्यातली एक गोष्ट, म्हणजे सोलकढीचं आगळ म्हणा, आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या चवीची, तुमच्या गटाने दिली तर तेच तुमचं पर्यटन. ‘ठरलेल्या दिवशी’ हा त्यातला कठीण भाग आहे. आणि एमआयडीसी आली तर आली. ती येण्याची वाट बघणं हा मात्र धंदा नव्हे.

अभ्यासदौऱ्याचा निधी असेल तर नाशिकजवळच्या मोहाडीचं सह्याद्री फार्म्स, ही शेतकऱ्यांची कंपनी, बघून या, जरूर. पण गाडीत नुसते सदस्य भरू नका. गटाची हिशेब लिहिणारी बाई आणि ट्रक-टेम्पोवाला मुलगा न्या. सदस्य इमारतीचे फोटो काढतात. टेम्पोवाला विचारतो की एवढी क्रेट्स परत कशी येतात.

एक शेवटची गोष्ट, आणि ही पहिल्याच ग्रामसभेत उपयोगी पडेल. तुमच्या गावात बी गोळा करण्याची यंत्रणा आधीच आहे. ती म्हणजे तुमचा किराणा दुकानदार. त्याच्याकडे पोरगं दोन किलो बी घेऊन जातं आणि बिस्किट नेतं. म्हातारी पाच किलो घालते आणि उधारीच्या वहीतली एक ओळ खोडून घेते. संध्याकाळी सातलाही तो बी घेतो, रविवारीही घेतो. तुमचा गट सकाळी दहा ते एक, कागदपत्रांसह, असा काटा लावून बसला तर त्याच्यापुढे टिकणार नाही. बरेच गट याला लुटारू म्हणून सुरुवात करतात आणि मेमध्ये रिकाम्या गोणी मोजत बसतात. तुम्ही त्याला आधी भेटा, एकट्या, दुकान बंद व्हायच्या वेळेला. विचारा की तो पुढच्या व्यापाऱ्याला किलोमागे किती रुपये वर घेऊन देतो. दोन रुपये, तीन रुपये, जे असेल ते. तेवढे आम्ही देऊ, माल रोज आमच्या खळ्यावर टाक, पैसे त्याच दिवशी, असं सांगा. त्याला व्यापाऱ्याशी प्रेम नाही, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बी घ्यायला रोकड हवी असते. तो हो म्हणाला की फेब्रुवारीतच बँकेत जा, आणि जाताना त्याची गेल्या वर्षीची वही मागून न्या. कुठल्या वाडीतून कधी किती बी आली ते त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं. माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत एवढा चांगला प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर कधी आला नाही.